दोन्ही कान दिसले पाहिजेत

आत्याला माझा फोटो मीच पाठवतो, असं मी म्हणालो आणि तिथेच सगळं बिनसलं.

आत्या माझी नव्हे, तिची. ‘ती’ म्हणजे जिच्याशी माझं लग्न ठरत आलं आहे ती (हे लिहिताना अजूनही मला गुदगुल्या होतात). ती दातांची डॉक्टर. आईवडिलांच्या सतत बदल्या व्हायच्या, म्हणून तिला आत्याने लहानाची मोठी केली. आत्या लांब राहते, गुडघ्यांमुळे प्रवास बंद. फोनमध्ये तोंड बघत बोलणं तिला अजिबात पसंत नाही. ‘बोलताना सगळेच गोड असतात, माणूस फोटोत कसा दिसतो ते बघायचं,’ हे तिचं ठाम मत. आणि आत्या ‘हो’ म्हणाल्याशिवाय लग्नाची तारीख काढायची नाही, हे आमच्या डॉक्टरीणबाईंचं.

मी म्हटलं, हात्तिच्या! फोटो हा तर माझा धंदा. पासपोर्टचे, ओळखपत्रांचे, अर्जांचे फोटो काढण्याचं माझं दुकान आहे. एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे. ‘मान सरळ. हनुवटी खाली. हसू नका. दोन्ही कान दिसले पाहिजेत.’ हे मी झोपेतही बोलतो, असं आई सांगते. मी काढलेला फोटो कुठल्याही कचेरीतून परत आलेला नाही. (आमची ओळखही त्या स्टुलावरच झाली. मी सांगत होतो, ‘तोंड मिटा.’ ती म्हणत होती, ‘अहो, मी दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते, माझं मिटतच नाही.’ ते अजून मिटलेलं नाही.)

तर मी टायमर लावून स्वतःचा अप्रतिम फोटो काढला. ओठ बंद, कान समसमान, कपाळावर सावलीचा ठिपकासुद्धा नाही. पाठवला. संध्याकाळी आत्याचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी स्पीकर लावला.

“याच्या घरी कुणी गेलंय का गं?”

“नाही गं, आत्या.”

“मग पोलिसांना हवाय का?”

“आत्या! अगं, खूप हसरा आहे तो.”

“असेल. मग हसताना दाखव. तोवर माझा होकार धरू नकोस.” फोन बंद.

डॉक्टरीणबाईंनी मान माझ्याकडे वळवली. “तळ्याकाठच्या बागेत फोटो काढायचे. झाडं, पाणी, मोकळी हवा आणि आपण दोघं. आणि तू हसणार आहेस.”

“हसेन की. त्यात काय!”

“आत्ता हस बघू.”

मी हसलो. तिने जवळ येऊन निरखलं. “हे हसू नाही. अक्कलदाढ येतेय असं वाटतंय.”

खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. इतकी गोड मुलगी हातची जाणार, आणि तीही कशापायी, तर एका फोटोपायी! लोकांना हसू नका, हसू नका सांगता सांगता माझाच चेहरा कायमचा तसा बसला होता. कॅमेरा समोर आला की मान सरळ, हनुवटी खाली. मी आरशासमोर सराव सुरू केला. आई दारातून म्हणाली, “पोट बिघडलंय का रे?”

फोटो काढायला डॉक्टरीणबाईंची मैत्रीण येणार होती. ती तान्ह्या बाळांचे फोटो काढण्यात नावाजलेली. “बाकीची तयारी माझ्याकडे सोपवा,” मी ऐटीत म्हणालो. (या वाक्याबद्दल मला कुणीतरी वेळीच अडवायला हवं होतं.)

रविवारी सकाळी आम्ही बागेत पोचलो. ऊन कोवळं, तळं चकचकीत, पाण्यात बदकं. डॉक्टरीणबाई निळ्या कपड्यांत अशा काही दिसत होत्या की मला बोलायचं सुचेना, म्हणून मी पिशवीतून सामान काढायला लागलो. दोन बांबू, चिमटे आणि दुकानातला पांढरा पडदा.

“हे काय?” मैत्रिणीने विचारलं.

“बॅकग्राउंड.”

“अहो, मागे एवढं तळं आहे! झाडं आहेत!”

“तेच म्हणतो. किती पसारा आहे मागे! प्रत्येक पान वेगळ्या दिशेला. त्यात चेहरा दिसणार कसा?”

मैत्रिणीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी आकाशाकडे पाहिलं. पण मी तोवर बांबू रोवून पडदा ताणलाही होता. तळ्याला पाठ करून, पाण्यापासून हातभर अंतरावर आम्ही दोघं उभे राहिलो.

“तिच्या खांद्यावर हात ठेवा.”

ठेवला.

“वजन नका टाकू हो, हात ठेवा. आता तिच्याकडे बघा.”

“तिच्याकडे बघितलं तर एक कान जाईल ना.”

“जाऊ दे कान!” दोघी एकदम ओरडल्या.

मी बघितलं. हसलोही. मैत्रिणीने कॅमेरा खाली घेतला आणि पिशवीतून बाळांना हसवायचं रबरी बदक काढलं. “हे हमखास चालतं,” असं म्हणून तिने ते दाबलं. प्यॅक!

मी हसलो नाही. पण तळ्यातली बदकं थबकली.

“इकडे बघा, इकडे! प्यॅक प्यॅक!”

“आ कर,” डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. “निदान आ तरी कर, दात दिसू देत.”

मी आ केला आणि त्याच क्षणी पडद्याखालून काहीतरी माझ्या पोटरीला कडकडून चावलं. बदकांचा म्होरक्या जातीने भेटायला आला होता. मागून त्याचं अख्खं खटलं. मी बोंब मारून मागे उडी घेतली, ती थेट पडद्यात. बांबू आडवे झाले, वाऱ्याने डाव साधला, पडद्याने मला डोक्यापासून पोटरीपर्यंत गुंडाळलं, आणि मी वीतभर पाण्यात बसकण मारली.

आत सगळं पांढरंशुभ्र. बाहेर प्यॅक प्यॅक. आणि मग मला तिचं हसणं ऐकू आलं. अगदी मनापासूनचं, धबधब्यासारखं, मध्येच श्वास अडकणारं. ते ऐकून मलाही हसू फुटलं. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेऱ्यासमोर बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसलो. पडद्याच्या आतून.

बाहेर काढल्यावर मैत्रीण म्हणाली, “चला, आता असंच हसा!” झालं. मान सरळ, हनुवटी खाली.

सगळ्या फोटोंत बरा असा एकच निघाला. त्यात डॉक्टरीणबाई पोट धरून हसताहेत, आणि शेजारी पाण्यात एक पांढरं गाठोडं बसलेलं, त्याला खाली दोन बूट. मला न विचारता तिने तो आत्याला पाठवून दिला. मी म्हटलं, संपलं. आता दुसरं स्थळ शोधा.

आत्याचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा स्पीकर लावला.

“बघितला गं फोटो,” आत्याचा आवाज चक्क ओला होता. “लहानपणी हसायचीस तशी हसलीयेस. तुला असं हसवणारा माणूसच मला हवा होता. थोडा लाजाळू दिसतो, पण चालेल. माझा होकार आहे. तारीख काढा.”

मी जागच्या जागी उडी मारली. डॉक्टरीणबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही, कशाला लपवू!

“आणि गुडघे गेले खड्ड्यात, मी लग्नाला येणार,” आत्या पुढे म्हणाली. “एक मात्र फार बरं केलंस हो.”

“काय गं, आत्या?”

“तो आधीचा मुलगा सोडलास ते.”

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. तारीख निघाल्याशिवाय आत्याला खरं सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. आईने तो पडदा धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलाय. म्हणते, “लग्नात बरोबर असू दे. आत्याला ओळख पटवायला लागेल.”