कागदाला घरात बंदी

सोमाजीभाऊंच्या घरात शिरायचं तर जवळचा कागद आधी बाहेर ठेवावा लागे. मी चामोर्शीजवळच्या गावात नर्स, त्यांची सख्खी शेजारीण, तरी सूट नव्हती. "बाई, पिशवीत कागद हाय का? दगडाखाली ठेवून या." कागद फार म्हणून माझ्या दवाखान्यात तर ते पाऊलही टाकत नसत.

"कागद काय चावतो?" एकदा मी वैतागून विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "बांबू होता तो, बाई. कंपनीनं खाल्ला."

कंपनी म्हणजे कागदाची गिरणी. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जंगलातला बांबू तिच्याच ट्रकांत चढे. ट्रक गेले की माझ्याही खिडकीच्या काचा थरथरत. सोमाजीभाऊ बुरड, सुपं-टोपल्या विणणारे. वनखात्याच्या डेपोवर बांबू मागितला की त्यांना ठरलेलं उत्तर मिळे, "शिल्लक नाही." राहिलं होतं परसातलं बांबूचं एकच बेट. ते त्यांनी दोडक्याच्या वेलाखाली दडवलं होतं. ट्रक वाजला की धावत जाऊन बेटापुढे हात पसरून उभे राहत. बेट कुठे आहे ते गावाला कळलं, ते त्यामुळेच.

एका दुपारी कंपनीचा ट्रक खरोखरच दारात थांबला. मुन्शी पाणी प्यायला उतरला आणि परसाकडे बघत म्हणाला, "वेल भलताच उंच चढला, भाऊ!"

"खत... खत चांगलं हाय, साहेब."

"मग पुढच्या फेरीत नेतो," म्हणत तो गेला.

मी सोमाजीभाऊंची नाडी पाहिली. पळत सुटली होती. "नेतो म्हनला, बाई." मी म्हटलं, अजून काही झालं नाही, जेवून घ्या. ते जेवले नाहीत. सकाळी कोयत्याचे घाव ऐकू आले. सगळं बेट त्यांनी स्वतःच आडवं केलं, कोवळे कोंबसुद्धा. मग दार लावून विणत बसले.

पुढच्या फेरीला मुन्शी आला तो रिकामी पिशवी घेऊन. "भाऊ, दोडके देता ना?"

वेल जमिनीवर वाळत पडला होता.

"विचारायचं तरी होतं त्याला!" मी झापलं.

संध्याकाळी ते सुपांची चळत घेऊन दवाखान्याच्या उंबरठ्याबाहेर उभे राहिले. आमच्याकडे बाळ जन्मलं की आधी सुपात ठेवतात.

"पुढं जी लेकरं जलमतीन त्याइच्यासाठी."

"एवढी सुपं?"

"आमचं लेकरू झालं तवा घरात सूप नव्हतं, बाई. बुरडाच्या घरी! बांबूच भेटला नाई. रद्दी कागदावर ठेवलं त्याले." त्यांनी चळत उंबरठ्यावर ठेवली. "सकाळपावतर नाई जगलं."

मी टेबलावरची पत्रकं गोळा केली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि सगळं बाहेर दगडाखाली ठेवून आले.

"या भाऊ, आत या."