गोळीबाराची पोच

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी श्रीरामआजोबांनी एका परक्या देशातला गोळीबार रीतसर दाखल करून घेतला.

त्यांनी तो जाणूनबुजून घेतला नव्हता. त्यांची सून नेत्रा अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरातूनच दोन दातांच्या दवाखान्यांचं इन्शुरन्सचं काम बघायची आणि त्या कामाचे कागद फॅक्सवर यायचे. बाहेर गुडघाभर बर्फ. आजोबा दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचे. त्या फेऱ्या बघून नेत्रालाच चक्कर यायला लागली, तेव्हा तिनं त्यांना काम लावून दिलं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि ते पान पोच म्हणून ज्याचं त्याला परत पाठवायचं.

हे काम आजोबांच्या हाडात होतं. पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली होती. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळासोबत दिलेला तारखेचा शिक्का औषधांच्या पिशवीतून अमेरिकेत आला होता. इंग्रजी त्यांना बोट ठेवून वाचता यायचं, पण कागद वाचत बसणं हे आवक कारकुनाचं काम नव्हे. शिक्का, नंबर, पोच. एकशे चौदा.

बर्फामुळे शाळेला सुट्टी होती. नात सिया सीरियलचा वाडगा घेऊन आली, तिनं कागद पाहिला आणि चमचा तोंडातच राहिला.

"आजोबा, हे डेंटल नाहीये."

तो कागद एका लहानशा देशाच्या वॉशिंग्टनमधल्या वकिलातीचा होता आणि शेजारच्या देशाच्या वकिलातीला जायचा होता. त्या शेजारच्या वकिलातीच्या आणि नेत्राच्या फॅक्स नंबरात एका आकड्याचा फरक. सियानं तिच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत अर्थ सांगितला. दोघांच्या मधल्या डोंगरावर तुमच्या सैन्यानं दोनदा गोळीबार केला, आमचे चार जवान जखमी झाले, आज संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्या, नाहीतर आमच्या तोफा पुढे सरकतील.

आजोबा खुर्चीत बसले आणि लगेच उठले.

सियाला त्यात काही विशेष वाटलं नाही. हे घर आहे, नंबर चुकला, सॉरी, असं टाइप करून तिनं पाठवून दिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. आमची तक्रार आपण क्रमांक एकशे चौदानं स्वीकारलेली आहे, आता ती नाकारणं हे शत्रुत्वाचं पाऊल समजलं जाईल. पुरावा म्हणून शिक्क्याची प्रत जोडली होती. आपला शिक्का तिरका उमटलाय, याचंही आजोबांना तेवढ्यात वाईट वाटलं.

त्या वकिलातीला फोन केला, तर यंत्रानं बटणं दाबायला सांगितलं आणि शेवटी संगीत ऐकवलं. मग सियानं दुसऱ्या वकिलातीला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तो अख्खा डोंगर आमचाच आहे, त्यामुळे तिथे सीमाच नाही, आणि सीमा नाही तर तक्रार कशी असेल? तेव्हा कागद घेता येणार नाही. निदान तसं त्यांना कळवा, असं सिया म्हणाली. तर कळवणं म्हणजे तक्रार आहे हे मान्य करणं, असं उत्तर मिळालं.

"माणूस खूप नाइस होता," सियानं फोन ठेवत सांगितलं.

दोन वाजले. त्या दिवशी कामासाठी एका दवाखान्यात गेलेली नेत्रा बर्फामुळे हायवेवर अडकली होती. ऑफिसातून आजोबांच्या मुलाचा, संजयचा मेसेज आला की कशालाही हात लावू नका. आजोबांच्या फेऱ्या आता जिन्यापर्यंत वाढल्या होत्या. दर फेरीला ते घड्याळ बघायचे आणि तरीही किती वाजले ते सियाला विचारायचे.

"चिल, आजोबा. इट्स नॉट युअर वॉर."

"चार पोरं आधीच पडलीत. पाचाला आणखी पडतील. शिक्का कुणाचा आहे त्याच्यावर? माझा."

सियानं वाडगा सिंकमध्ये ठेवला आणि तीही घड्याळ बघू लागली.

साडेतीनला आजोबांनी तो कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच वाचला. अक्षराखाली बोट ठेवत, चारही पानं. शेवटच्या पानावर बोट थांबलं, मग मागे आलं, परत पुढे गेलं.

"सिया, नकाशाची एकच प्रत आहे का गं?"

"हो. का?"

"तीन लागतात. साक्षांकित पण नाही. तिसऱ्या पानावर सही नाही. आणि गोळीबाराची तारीख इथं सहा, तिथं आठ." आजोबांचा आवाज सकाळपासून प्रथमच स्थिर झाला होता. "अर्ज अपूर्ण आहे. त्रुटी काढायच्या."

"आजोबा, त्यांना गोळ्या लागल्यात आणि तुम्ही फोटोकॉपी मागताय?"

"मी नाही म्हणत नाही, बाळ. हो पण म्हणत नाही. कागद पूर्ण करून आणा म्हणतो. टाइप कर."

सियानं टाइप केलं. विषय, संदर्भ, चार त्रुटी. शेवटी आजोबांनी सांगितलं, की पूर्तता होईपर्यंत प्रकरण आणि तोफा आहेत त्या स्थितीत ठेवाव्यात. सवयीनं त्यांच्या तोंडून 'प्रत माहितीसाठी' हेही गेलं, म्हणून सियानं एक प्रत दुसऱ्या वकिलातीलाही पाठवली.

पाच वाजले. यंत्र गप्प. आजोबा दाराशी, सिया जिन्यावर. पाच वाजून सहा मिनिटांनी यंत्र घरघरलं. त्रुटी मान्य होत्या. पूर्ततेला सहा आठवडे लागणार होते. तोवर तोफा जागेवरच राहतील.

आजोबा खुर्चीत बसले आणि या वेळी बसून राहिले.

सिया चहा टाकायला उठली, तोच यंत्र पुन्हा सुरू झालं आणि थांबेना. बावीस पानं. तक्रार असूच शकत नाही म्हणणाऱ्या त्या नाइस माणसाच्या वकिलातीची तक्रार होती. पहिली गोळी त्यांनीच झाडली, उद्या सकाळी दहापर्यंत उत्तर हवं, नाहीतर आमच्याही तोफा आहेत. तीन प्रती, साक्षांकित नकाशा, पानोपानी सही.

सियानं सगळी पानं दोनदा उलटली. "आजोबा, हे परफेक्ट आहे. नो मिस्टेक्स."

आजोबांनी दोन्ही नकाशे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

"लिही. सादर केलेले दोन नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. तरी दोन्ही अर्जदारांनी एकत्र बसून, दोघांच्या सहीनं, एकच नकाशा सादर करावा."

"पण आजोबा, तेच तर त्यांचं भांडण आहे."

"असू दे की. आपल्याला कुठं घाई आहे?"

त्यांनी शिक्क्यावर फुंकर मारली, कागद नीट समोर घेतला आणि एकशे पंधरा उमटवला. या वेळी अगदी सरळ.