कॉफीखालचा नवरंग

नाल्वोगाबाई केळ्यांचा घड डोईवर घेऊन बाजारास निघाल्या, तेव्हा त्यांचे यजमान, निवृत्त क्येयुने मास्तर, परसातील कॉफीच्या झाडांखाली पालथे पडलेले होते. "निघते हो," असे बाई दोनदा म्हणाल्या. पक्षी दिसला की मास्तर बायकोस ओळखत नाहीत, हे चाळीस वर्षांच्या संसाराने त्यांना शिकवले होते. "मुंग्या चढतील अंगावर!" एवढे बजावून त्या गेल्या.

मास्तरांनी कॅमेरा डोळ्याशी धरला होता. दहा हातांवर, पाचोळ्यात, हिरव्या छातीचा नवरंग उभा होता. मस्तक काळेभोर, पोटाशी जास्वंदीची लाली, पंखांवर आकाशाचे निळे कण. माबिरा अरण्याच्या गर्भात राहणारा हा पक्षी माणसाच्या परसात उतरत नाही. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांना त्याचे क्षणमात्र दर्शन घडले होते. कंपालाच्या पक्षिमित्रांच्या सभेत त्यांनी ते सांगितले, तेव्हा एका तरुणाने अतिशय नम्रपणे विचारले होते, "फोटो आहे का, सर?" त्या नम्रतेचा काटा अजून रुतून होता. आता एकच छायाचित्र हवे होते. पक्षी फांदीच्या किंचित आड होता. त्याने आणखी दोन उड्या घेतल्या की अकरा वर्षांचे पारणे फिटणार होते.

इतक्यात पायवाटेने काबेंगे काका आले. काका झाडाची साल कुटून वल्कले करीत. त्या कामात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि कुशल विचारण्यातही नव्हता. त्या मुलखात भेटलेल्या माणसाची रात्र, घर, मुले, गुरे, शेत असे सर्व विचारावे, त्याने प्रत्येकास उत्तर द्यावे, आणि शेवटी दोघांनी आळीपाळीने मंद हुंकार देत बोलणे हळूहळू मावळू द्यावे, अशी रीत आहे.

"रात्र कशी गेली, मास्तर?"

मास्तरांचा डोळा पक्ष्यावर.

"झोप लागली ना? अहो मास्तर... घरातल्या कशा आहेत?"

मास्तरांनी कॅमेऱ्यावरून दृष्टी न काढता एक बोट ओठांवर ठेवले, आणि मग तेच बोट सावकाश जमिनीकडे दाखवले. पक्षी तिथे आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते.

काकांनी पाहिले. चूल विझलेली, बाई कुठे दिसत नाहीत, आणि मास्तर मातीवर पालथे, डोळ्यांतून पाणी वाहते आहे. ते पाणी मुंग्यांनी आणले होते, हे काकांना कसे कळावे? त्यांनी टोपी काढली आणि ते निःशब्द परत फिरले. मास्तरांना फार बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज त्यांना पुढे कित्येक दिवस वाटत राहिली.

अर्ध्या घटकेत गावातील कुदळी थांबल्या. घरात प्रेत असता गावात कोणी माती खणत नाही, मग पेरणीचे दिवस का असेनात. कमरेला फडकी बांधून बाया आल्या. पुरुषांनी रात्रीच्या जागरणाच्या शेकोटीसाठी लाकडे आणली. अंगणात पहिला हंबरडा फुटला, आणि नवरंग भुर्रकन नाहीसा झाला.

"उडाला!" मास्तर धडपडत उठले. "तुमच्या रडण्यानं उडाला!"

"दुःखानं भ्रमिष्ट झालेत हो," शेजारीण म्हणाली. "धरा त्यांना!"

चौघांनी मास्तरांना धरले. तेवढ्यात काका एक तांबूस वल्कल दोन्ही हातांवर घेऊन आले.

"हे माझ्या मयतासाठीच कुटून ठेवलं होतं," ते म्हणाले. "पण नाल्वोगाला शोभेल. गुंडाळा तिला."

मास्तरांना उलगडा झाला तो तेव्हा. ते तोंड उघडणार, तोच बाजारातून परतलेल्या नाल्वोगाबाई आक्रोश ऐकून रस्त्यातच टोपली टाकून धावत आल्या, गर्दीत गुडघ्यांवर बसल्या आणि सर्वांहून मोठ्याने रडू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी शेजारणीस विचारले, "कोण गं गेलं?"

"तू," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. आणि मग किंचाळली.

खुलासा झाला तेव्हा लोक हसले, चिडले, पेरणीचा दिवस बुडाल्याबद्दल मास्तरांना चार शब्द सुनावून गेले. काका मात्र हसले नाहीत. वल्कलाची घडी घालीत ते एवढेच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला मी ऐकू आलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चघळायच्या कॉफीच्या बियांची पुडी घेऊन क्षमा मागायला निघाले.

"तो कॅमेरा ठेवा की घरी," नाल्वोगाबाई म्हणाल्या.

"वाटेत काही दिसलं तर?"

कॅमेरा तरीही गळ्यात राहिला.

काकांच्या अंगणात, ज्याची साल ते कुटीत त्या मुतुबाच्या झाडाखाली, पाच हातांवर, स्वच्छ उजेडात, कशाच्याही आड नसलेला नवरंग गोगलगाय आपटीत होता. मास्तरांचा हात आपोआप वर गेला.

"रात्र कशी गेली, मास्तर?" ओट्यावरून काकांनी विचारले. स्वर अगदी सपाट होता.

हात क्षणभर तिथेच राहिला. मग मास्तर वळले, पक्ष्याकडे पाठ करून ओट्यापाशी बसले आणि पुडी पुढे ठेवली.

"बरी गेली, काका. तुमची?"

"बरी. घरातल्या कशा आहेत?"

"आहेत. जिवंत आहेत."

काकांच्या मिशीला किंचित कंप आला. मग मुलांचे झाले, नातवंडांचे झाले, लंगड्या शेळीच्या पायाचे सविस्तर झाले. मागे पाचोळा खसखसत होता. मास्तर मान वळवीत नव्हते. अखेर "मम्," काका म्हणाले. "एए," मास्तर म्हणाले. "मम्." "एए." शेवटचा हुंकार विरला आणि पंखांची फडफड झाली.

"गेला," कॉफीची बी चघळीत काका म्हणाले. "आठवडाभर रोज यायचा. तुम्हाला आवडेल म्हणून काल तेच सांगायला आलो होतो."

त्यानंतर तो पक्षी त्या गावात कोणाला दिसला नाही. मास्तरांच्या नोंदवहीत त्या तारखेस पक्ष्याचे नाव आहे, स्थळ आहे, आणि छायाचित्राच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे: "काकांकडे सर्व कुशल. शेळीचा पायही बरा."