गलबत नसलेलं पान

आमच्या अष्टमी गावात नवं कुणी राहायला आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा सुर्वे त्यांच्या दारात हजर. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. पहिला प्रश्न, "कितवी पिढी?"

कशाची पिढी, हे समोरच्यानं ओळखायचं. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला अप्पांनी हे विचारलंय. पूल ओलांडून रोह्याहून ताप बघायला आलेल्या डॉक्टरला विचारलंय. माझ्या भाच्याच्या बारशाला तर पाळण्यावर वाकून त्या बारा दिवसांच्या बाळाला विचारलं. ते रडायला लागलं. "उत्तर नसलं की माणूस रडतो," असं म्हणून अप्पा पेढा घेऊन बसले.

त्यांचं स्वतःचं उत्तर तयार असायचं. "आम्ही आरमारातले. चार पिढ्या!" खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा आणि वडील, सगळे जहाजांवर. पुरावा ओटीवरच टांगलेला. छतापासून जमिनीपर्यंत मांजरपाटाचं कापड आणि त्यावर झाडासारखी काढलेली वंशावळ. प्रत्येक पुरुषाचं एक हिरवं पान, पानात नाव, आणि जो आरमारात गेला त्याच्या पानावर शिडाचं इवलंसं गलबत. हमरापूरच्या बाळाराम पेंटरनं ते रंगवलं होतं. वर्षभर गणपतींचे डोळे काढणारा हात, त्यामुळे गलबतं अशी देखणी की बघत राहावं.

पाचव्या पिढीच्या पानावर मात्र गलबत नव्हतं. ते पान खुद्द अप्पांचं. तरुणपणी आरमाराच्या भरतीला गेले आणि वैद्यकीय तपासणीतूनच घरी परतले. "कारस्थान!" एवढंच सांगायचे. मग जन्मभर पोस्टात शिक्के मारले आणि जगावर डाफरले. भाजीवालीशी तर रोजचं भांडण. कच्चे हिरवे टोमॅटो पिशवी भरून आणायचे, त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, परत पाठवले की तिच्याशी तंडायचे, "मला फसवतेस?" बिचारी म्हणायची, "अवो, तुमीच येचून घेतलेव ना!"

आता मला संताप कशाचा यायचा ते सांगते. त्या झाडावर बायका नव्हत्याच. सुना तर नव्हत्याच नव्हत्या, आणि मुलींना काय, तर लाल कळ्या! नाव नसलेल्या. खापरपणजोबाला चार कळ्या, आजोबाला तीन. कोण होत्या त्या? जेवत होत्या, खात होत्या, त्यांना हाक मारायला काही नाव असेल की नाही? मी रोह्याच्या शाळेत बत्तीस वर्षं हजेरी घेतली. एका मुलीचं नाव गाळलं असतं तर तिच्या आईनं माझं घर डोक्यावर घेतलं असतं. आणि हे गृहस्थ खुशाल एवढ्या नावांवर बोळा फिरवून वर छाती फुगवतात!

"अप्पा, तुमच्या त्या आरमारातल्यांना काय समुद्रानं जन्म दिला?" मी एकदा तोंडावर विचारलं.

"रीत आहे, शुभे. वंशावळीत लेकी लिहीत नाहीत."

"मग रीतच नालायक आहे!"

अप्पा चिडले, मी चिडले, इंदूकाकूंनी दोघांना ताक दिलं.

त्या कळ्यांमधली एक माझी मैत्रीण होती. सुलू, अप्पांची एकुलती एक लेक. शाळेपासून आमचं एक ताट. ती शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. अप्पांनी बोलणं टाकलं. पत्रं न फोडता परत पाठवली, आणि तीही स्वतःच्या हातानं शिक्का मारून. पंचवीस वर्षं! इंदूकाकू गेल्या तेव्हा सुलू तेराव्याला पोचली आणि उतरली कुठे, तर माझ्याकडे. स्वतःच्या आईच्या तेराव्याला लेक शेजारच्या घरात पाट मांडून बसली. अप्पा खिडकीतून बघतसुद्धा नव्हते. 

मग तीनेक वर्षांनी, ऐन श्रावणात, माझ्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत जाडजूड पुस्तक आणि सुलूची चिठ्ठी: "सासूबाईंनी त्यांच्या घराण्याची वंशावळ छापलीय. अप्पांना दे. घेतील का गं?"

मी पुस्तक उघडलं, तर काय! सुलूचं सासर आरमारातलं! अप्पांना डिवचल्यासारखं होईल म्हणून मलाही कधी बोलली नव्हती. नवऱ्याचा आजा आरमारात अधिकारी, बाप अधिकारी, नवरा अधिकारी. आणि शेवटच्या पानावर पांढऱ्या गणवेशातली पोरगी, डोळे थेट इंदूकाकूंचे. सुलूची लेक मीरा. तीही अधिकारी.

मी तशीच चपला अडकवून अप्पांच्या ओटीवर गेले. "घ्या! आता विचारा कितवी पिढी!"

अप्पा भडकले. "अमेरिकेला कसली आलीय वंशावळ? कालचा देश तो! आणि हे आरमार म्हणजे काय, सगळं यंत्रावर. शीड बांधता येतं का एकाला तरी?" बोलत होते आणि पानं उलटत होते. अक्षर बारीक म्हणून शेवटी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच. कुठे काय खोटं लिहिलंय ते बघू."

मी सुलूच्या नवऱ्याचं पान काढलं आणि मराठीत सांगत गेले. "पत्नी सुलभा. जन्म रोहे, कुलाबा जिल्हा. वडील दत्तात्रय सुर्वे, पोस्टमास्तर. आई इंदिरा, माहेर गागोदे. आईच्या घरी भाताची शेती."

"पुन्हा वाच."

"आई इंदिरा, माहेर गागोदे."

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मी गप्प बसायला हवं होतं, पण मला कुठलं राहवतंय! "तिकडच्या परक्या बाईनं काकूंचं माहेर विचारून छापलं अप्पा, आणि तुम्ही त्यांना तुमच्या कापडावर कळीएवढीसुद्धा जागा दिली नाहीत."

मला वाटलं, आता हाकलतील. ते उठले, वंशावळीपुढे जाऊन उभे राहिले. स्वतःच्या पानाशी बोट नेलं आणि ते बोट इकडेतिकडे फिरायला लागलं. एकदा फांदीवर, एकदा भलत्याच पानावर.

"सुलूची कळी कुठली गो?"

"ही काय समोर! लालभडक आहे की!"

"मला नाय दिसत." मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "लाल आणि हिरवं मला एकच दिसतं, शुभे. म्हणून तर आरमारानं घेतला नाय. बाळारामानं लाल कळ्या काढल्या, लोक छान छान म्हणाले, मीही म्हटलं छान. मला सगळी पानंच दिसतात."

टोमॅटो आठवले. भाजीवाली आठवली. आयुष्यभराचं ते कारस्थान आठवलं. मी त्यांचं बोट धरून कळीवर ठेवलं. ते त्यांनी बराच वेळ उचललं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाळाराम पेंटरला निरोप गेला. त्याचं उत्तर आलं, गणपती झाल्याबिगर हात मोकला नाय. महिनाभर अप्पांनी अख्ख्या हमरापूरचा उद्धार केला. अनंत चतुर्दशीच्या तिसऱ्या दिवशी बाळाराम डबे घेऊन हमरापूरहून आला आणि कापड बघून मान हलवायला लागला. "कलीत नाव कसा बसल? जागाच नाय अप्पा."

"माझं पान आहे ना? पुस ते. तिथे लिही, इंदिरेची लेक सुलभा. खाली मीरा, आणि मीराच्या पानावर गलबत काढ. मोठं काढ."

"आनि तुमी कुठं जाल?"

"मी पोस्टात होतो. पोस्टाचं काय काम आरमारात?"

बाळारामानं माझ्याकडे बघितलं. या माणसाशी पंचवीस वर्षं भांडलेली मी म्हणाले, "असं नका करू हो अप्पा." तर माझ्यावरच खेकसले, "आता तू रीत सांगणार मला?"

रंग वाळायच्या आत मी सुलूला मोबाईल लावला आणि काही न सांगता अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. घसा खाकरून, दम दिल्यासारखे ओरडले, "सुलू, तुझी पोर आरमारातली कितवी पिढी म्हणून सांगते?"

 पलीकडून बारीक आवाज, "चौथी, अप्पा."

"साफ चूक! सातवी. माझ्या खापरपणजोबापासून मोजायचं. उद्यापासून सातवी म्हणून सांगायचं, सांग तिला."

पलीकडे सुलू रडत होती, ते मला एवढ्या लांबूनही ऐकू येत होतं. अप्पा फोन कानाला तसाच धरून उभे. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हा बंद कुठनं करतात गो?"

मी सांगितलं नाही.