फिरत्या तबेल्यास उजवे दार कैसे पडले, ती हकीकत

श्रीगणरायास वंदन, कुलदैवतास वंदन, आणि जी माउली लेकराच्या मागे दोन पावले अंतर राखून अहोरात्र चालते तिजला विशेष वंदन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, पौष मासी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. श्रोते हो, सावध असावे.

कोणे एके राज्यी विक्रांतराव महाराज नांदत होते. राज्य म्हणाल तर तीन खोल्या, एक अंगण आणि मागे पत्र्याची शेड. परंतु महाराजांचा रुबाब छप्पन्न खोल्यांचा. त्यांस व्यसन एकच, ते जीपेचे. ही जीप रस्त्याची नव्हे. चिखल, वाळू, नदीचे पात्र आणि डोंगराचा कडा येथेच तिने धावावे. चाके हत्तीच्या पायांसारखी, वर लोखंडी पिंजरा, खिडक्यांस जाळ्या आणि पाठीवर स्टेपनी. तिजला महाराज घोडी म्हणत आणि कुटुंबातच मोजीत. स्पर्धेच्या मुलुखी घोडी न्यावी तर उघड्या टेम्पोवर चढवून न्यावी लागे, आणि मग वाटेत पाऊस, धूळ, आणि टपरीपाशी थांबले की चार लोक येऊन आरसे पिरगाळून पाहणार. म्हणोन महाराजांनी मनी आणिले की बंदिस्त ट्रेलर करावा; म्हणजे चहूंकडून भिंती, वर छत, मागे दाराऐवजी खाली उतरणारी फळी, जिजवरून घोडी आत चढावी, आणि पुढे मोठी गाडी जोडून ओढावयाचा, ऐसा फिरता तबेला आपल्या मापाने बांधून घ्यावा.

आता राजकन्या ओवी, वय वर्षे चार. घोडी सायंकाळी शेडमध्ये नेताना ओवीने महाराजांच्या मांडीवर बसावे, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावे आणि आपणच गाडी चालविली ऐसे समजावे, हा या राज्याचा रिवाज. प्रवास तीस पावलांचा, परंतु तो जाहल्यावाचून राजकन्या जेवीत नसे. राणी मृण्मयीबाईसाहेब महाविद्यालयात शिकलेल्या, नजरेने तीक्ष्ण, झोपेने हलक्या. द्राक्ष चार फोडी केल्यावाचून लेकीस देत नसत. त्यांनी ट्रेलरची वार्ता ऐकिली आणि पहिलाच प्रश्न केला, "आणि ओवी? ती पण मांडीवर बसून आत जाणार?"

महाराज बोलिले, "म्हणजे काय! तिच्याशिवाय घोडी हलते का?"

"चारी बाजूंनी बंद डब्यात माझं लेकरू? मुळीच नाही. शेडमध्ये काय ते मिरवा."

राजकन्येने हे ऐकिले आणि ऐसा सूर धरिला की शेजारच्या राज्यातून विचारणा आली. मग महाराज दोन दिवस शेडमध्येच जेवले, आणि राणीसाहेबही उंबऱ्यावरूनच ताट देत्या जाहल्या. मांडीवरचा तो प्रवास राहतो की बंद होतो, हाच पेच सर्व राज्यापुढे पडला.

मग दस्तगीर मिस्त्री, ज्यांच्या हातून पंचक्रोशीतले ट्रक आणि ट्रेलर बांधिले गेले, ते टेप घेऊन आले. सोबत महाराजांचे सेनापती धैर्यशीलराव, म्हणजे शाळेपासूनचे मित्र, हेही आले, कारण चहा होता. महाराजांनी मागण्यांची यादी वाचिली ती ऐसी की, आत न घसरणारी जमीन असावी, घोडी बांधावयास जमिनीत पोलादी कड्या असाव्यात, पांढरे दिवे असावेत, टायरांस मांडणी असावी, हत्यारांस कपाट असावे, आणि पुढल्या कोपऱ्यात शेगडी, ओटा व पाण्याची टाकी ऐसा छोटा मुदपाकखाना असावा. "मुदपाकखाना पहिला लिही रे," सेनापती गरजले. "बाकीचं नंतर बघू." राणीसाहेब बोलिल्या, "पेट्रोलचा वास कोंडतो. वर आणि खाली झरोके हवेत." महाराजांनी ते तात्काळ मान्य केले. मिस्त्रींनी सर्वांचे वजन जोडिले आणि मान हलविली. "महाराज, तुमची ओढणारी गाडी एवढंच ओढंल. ही यादी काठोकाठ भरलीया. आता एक स्क्रू जरी वाढवायचा म्हटला तर आधी दुसरं काहीतरी काढाय लागंल. न्हाईतर उतारावर ट्रेलरच गाडीला ढकलंल."

यादी ठरली. परंतु राणीसाहेबांचा कागदावर विश्वास कमी. त्यांनी रांगोळीचा डबा आणिला आणि अंगणात ट्रेलरचा अंतर्भाग खऱ्या मापाने रेखिला. लांबी सोळा फूट, रुंदी सात फूट. महाराजांनी घोडी आणून रेघांच्या मधोमध उभी केली. सहा फुटांची घोडी सात फुटांत बसली, दोहीकडे अर्धा अर्धा फूट उरला. "बघा!" महाराज दार उघडून उतरले. "सुईच्या टोकाइतकी चूक नाही."

राणीसाहेब त्या दाराकडे पाहत राहिल्या. दार उघडताना रांगोळीच्या रेघेवरून हातभर पलीकडे गेले होते. त्या आत गेल्या आणि माजघरातील दोन लोखंडी खाटा सेनापतींकडून आणवून दोहीकडच्या रेघांवर, मागून दगड लावून, कुशीवर उभ्या केल्या. "आता भिंती आहेत. पुन्हा बसा."

महाराज हसत बसले आणि ओवीने संधी साधून मांडीवर उडी घेतली. मग महाराजांनी दार लोटिले, आणि ते अर्धा फूट उघडून खाटेवर आदळले. ठण्! दुसरे दार लोटिले. ठण्! खिडकीस जाळी, माथ्यावर पिंजरा, मागे स्टेपनी. महाराज आपल्याच घोडीत कैद जाहले. सेनापती पोट धरून हसले. "बस आता तिथंच. डबा आणून देतो." ओवीही टाळ्या पिटू लागली. परंतु महाराज हसेनात. त्यांनी लेकीच्या पोटाभोवती हात आवळिला आणि हळूच बोलिले, "खाट काढ, धैर्या. आधी खाट काढ."

खाट काढिली. महाराज उतरले आणि पायरीवर बसले. "मी माप घेतलं," ते म्हणाले, "दारं बंद ठेवून."

मिस्त्रींनी टोपी काढिली, डोके खाजविले. "माझीबी चूक हाय, महाराज. आमच्याकडं येणारे लोक गाडी दोरानं आत ओढत्यात, आत कुणी बसतच न्हाई. तुम्ही चालवत नेणार, हे ध्यानातच आलं न्हाई." सेनापती बोलिले, "मग तूही दोर लाव की. पोरगी बाहेर उभी राहील, टाटा करील." राणीसाहेबांनी लेकीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. दोघांच्या चेहऱ्यांवर एकच रड होती. मग त्या मिस्त्रींस म्हणाल्या, "चालकाच्या दारासमोर, ट्रेलरच्या भिंतीतच एक मोठं दार पाडता येईल? आतूनही उघडणारं, जीपच्या दाराच्या फटीतून अंधारात हाताला लागेल अशा कडीचं?"

"येतंय की. पर भिंत कापली की ती कमजोर पडती. भोवती पोलादी चौकट लागंल. वजनाचं काय?"

महाराजांनी पेन घेतले आणि मुदपाकखान्यावर रेघ मारिली. सेनापती तळमळले, "अरे, ओटा तरी ठेव!" महाराजांनी ओट्यावरही रेघ मारिली.

पुढे माघ मासी ट्रेलर सिद्ध जाहला. महाराज ओवीस उचलून घोडीकडे चालले तो राणीसाहेब आडव्या आल्या. "थांबा. आधी मी." त्यांनी त्या घोडीस आजवर बोटही लाविले नव्हते. त्या बसल्या, मिस्त्री "या, या, जरा उजवीकडं, वहिनीसाहेब, बास!" करीत राहिले, आणि घोडी आत शिरली. मग आतूनच आज्ञा आली, "फळी लावा. दिवे बंद करा. बाहेरून कुणी हात लावायचा नाही." फळी लागली. आत सामसूम. महाराजांनी एक फेरी मारिली, दुसरी मारिली, आणि तिसरीस दरबारी भाषा विसरून भिंतीवर थाप मारिली, "अगं मृण्मयी, सापडली का कडी? ये की बाहेर!" तेव्हा उजवी भिंत खटकन उघडली आणि राणीसाहेब पदर सावरीत पायरीवर आल्या. महाराजांच्या कपाळीचा घाम पाहून म्हणाल्या, "असं वाटतं मला. रोज." महाराज बोलिले, "कळलं." मग राणीसाहेबांनी घोडी मागे काढविली आणि लेकीची सँडल नीट बांधून तिजला महाराजांच्या मांडीवर स्वहस्ते बसविले.

एवंच या मोहिमेत धारातीर्थी पडले ते: शेगडी एक, ओटा एक, पाण्याची टाकी एक, आणि सेनापतींचा उत्साह थोडा. नवे मिळविले ते: उजवे दार एक. महाराज व राजकन्या घोडीसह आत गेले, फळी लागली, राणीसाहेब बाहेर उभ्या राहून अंक मोजू लागल्या. अकराव्या अंकास दार उघडले. दोघेही सुखरूप. इति.