गजभिये लायब्ररी निवडतात

गजभिये कुठे आहेत हे आमच्या मजल्यावर कुणाला विचारावं लागत नाही. अर्धवट प्यालेल्या चहाचे कप दिसतील तसं चालत जायचं. पहिला टेबलावर, दुसरा प्रिंटरवर, तिसरा खिडकीत, आणि चौथ्या कपाशी स्वतः गजभिये, उभे. पन्नाशीच्या या माणसाला खराडीच्या ऑफिसात मी चार वर्षांत सलग दहा मिनिटं बसलेलं पाहिलं नव्हतं. वारज्याहून दुचाकीवर येतात. सिग्नललाही चुळबुळ करत असणार.

मूळचे भंडाऱ्याचे. पुण्यात पंचवीस वर्षं काढूनही बोली तिकडचीच. काहीही दाखवलं की म्हणणार, "चालते तर खरं, पण टिकते का?" नवं कॉफी मशीन, नवा मॅनेजर, माझं लग्न, सगळ्यांना त्यांनी हाच प्रश्न लावलाय. मॅनेजर दोन बदलले. माझं लग्न अजून आहे.

अशा माणसाकडे आमच्या तिसऱ्या मॅनेजरने लायब्ररी निवडायचं काम दिलं. पुस्तकांची नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये निम्मं लिखाण तेच ते असतं. ग्राहकाचं नाव ठेवा, ग्राहकाचं नाव द्या, पत्ता ठेवा, पत्ता द्या. याला आम्ही बॉयलरप्लेट म्हणतो आणि त्यात आमची बोटं झिजतात. कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेली लायब्ररी जोडली, की आपण चार ओळींचा साचा द्यायचा, उरलेल्या चारशे ओळी ती लिहून देते. अशा डझनभर मिळतात. त्यातली एक निवडायची. काम फार तर आठवड्याचं.

त्याच मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, "लायब्ररी आली की सोनटक्के मॅडमचं काँट्रॅक्ट रिन्यू करायला नको." सोनटक्के बाई मुलं मोठी झाल्यावर बारा वर्षांनी नोकरीत परतल्या होत्या, आणि हा तोच तोच मजकूर हाताने लिहायलाच त्यांना घेतलं होतं. त्या मीटिंगला नव्हत्या. मी मान डोलावली. मला तेव्हा फक्त माझी बोटं दिसत होती.

पहिली लायब्ररी सोमवारी आली आणि गुरुवारी गेली. कारण काय, तर ती लिहिणारा माणूस तीन महिने कुणाला उत्तर देत नव्हता. "बरा असंल ना तो?" म्हणत गजभियेंनी त्याला तब्येतीची चौकशी करणारी मेल धाडली. दुसरी लायब्ररी लिहिलेलं सगळं पोटात ठेवायची, बाहेर काही दिसायचं नाही. "चुकलं तर धरायचं कोणाले?" तीही गेली. तिसरी पाव किलो मागितलं की पोतं ओतते, म्हणून नापास. इकडे मी दिवसाला साठ वेळा "पत्ता ठेवा, पत्ता द्या" लिहीत होतो, आणि माझा पारा चढत होता.

शेवटी मी म्हणालो, "अहो गजभिये, लायब्ररी निवडताय की जावई?"

"जावई बरा भाऊ, दोन दिवसांनी घरी जाते. हे आपल्या घरातच राहते ना!" असं म्हणून ते दुसऱ्या खिडकीकडे निघून गेले.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी भांडायच्या तयारीनेच त्यांना शोधत होतो. कोपऱ्यातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये सापडले. चक्क बसलेले. शेजारी सोनटक्के बाई, समोर स्क्रीनवर पहिलीच लायब्ररी. आणि ती व्यवस्थित चालत होती! बाईंच्या सरावाच्या फाइलवरची तारीख पहिल्या आठवड्यातली होती.

"पुन्हा करा बाई, सगळा साचा पहिल्यापासून," गजभिये सांगत होते. "आता मी बोलत नाही."

बाईंनी केला. एकही चूक नाही. मी दार लोटून घेतलं आणि जागेवर येऊन बसलो.

शुक्रवारी गजभियेंनी जाहीर केलं, "पहिलीच घेऊ. त्या माणसाचं उत्तर आलं, बरा आहे. मुलगी झाली त्याले. पण एक आहे, याचे साचे बाईच लिहू शकतात. मले काही जमून नाही राहिलं."

"तुम्हाला जमत नाही?" मॅनेजर बघतच राहिला.

"वय झालं."

बाईंचं काँट्रॅक्ट वर्षभर वाढलं. मला आधी राग आला, महिनाभर फुकट बोटं झिजवली म्हणून. मग त्या मीटिंगमध्ये डोलावलेली मान आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. "मला सांगायचं तरी. मी कशाला कुणाला बोललो असतो?"

गजभिये हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिले.

"जुन्या कंपनीत माझी मिसेस होती," ते म्हणाले. "ती धरून सहाजणी मिळून करत ते काम एका बटणावर होईल, असा प्रोग्राम मी लिहिला. पुढं काय होणार हे मले माहीत नव्हतं." मग थांबून म्हणाले, "नाही. थोडं माहीत होतं. सहाही जणी घरी गेल्या. हिनं त्यानंतर नोकरी केलीच नाही."

मी विचारलं, "वहिनी काही बोलल्या नाहीत?"

"मोठ्या हॉलमध्ये दाखवला होता तो प्रोग्राम. लोकायनं टाळ्या वाजवल्या," गजभिये म्हणाले. "सगळ्यात जोरात तिनंच वाजवल्या."