जुन्या खुनाच्या नव्या चित्रपटावरील स्वारीची हकीकत

घडले तेच लिहावे, पदरची मीठमिरची लावू नये, ऐसी शपथ वाहून कसबे दिग्रस येथील कापसाचे व्यापारी राजमान्य राजश्री सदाशिवराव यांच्या यवतमाळ मोहिमेची हकीकत लिहितो ती ऐसीजे.

अठ्ठावीस वर्षांमागे, लग्नाच्या नवलाईत, राव कबिला मानीबाईसाहेब यांसह एक खुनाचा चित्रपट पाहावयास गेले आणि ऐन उलगड्याच्या घटकेस शेवटची एसटी सुटावयाची वेळ जाहली, मग बाईसाहेब खुनी न कळताच उठल्या. रावांनी तो चित्रपट आधीच पाहिला होता. खुनी सांगणार नाही, दाखवीन, ऐसा त्यांनी कौल दिला. मग तो चित्रपट पुन्हा कोठे गवसला नाही आणि रावांचा शब्द अंगावर राहिला.

ऐसियात त्याचाच नवा अवतार यवतमाळी उतरल्याची खबर आली. राव हर्षभरित जाहले आणि दुकान बंद करून, चिवड्याची रसद पिशवीत दडवून, बाईसाहेबांसह एसटीने कूच करून दुपारच्या खेळास दाखल जाहले.

पडदा उजळला आणि दगा जाहला. जुना इन्स्पेक्टर सालस, नवा येताच चहावाल्यावर खेकसला. नायक आईस फसवी, नायिका नायकास फसवी, आणि आई दोघांच्या वरताण. मयत ऐसा खवट की तो पडताच मागील रांगेत टाळ्या वाजल्या. राव आशेने बाईसाहेबांच्या मुखाकडे पाहत, तों त्या चिवडा खात. मध्यंतरानंतर त्यांनी फर्मान सोडिले की, "यायच्यातला कोनीबी खुनी निंगो, मले काय त्याचं? साऱ्यायलेच धरून न्या!" आणि नवल ऐसे की शेवटी सर्वच खुनी निघाले. रावांचे तोंड एवढेसे जाहले.

परतीच्या एसटीत दारव्हा मागे पडले. मग बाईसाहेबांनीच विचारिले की, "अहो, तवाचा कोन होता? सांगून टाका न आता."

परंतु शब्द दाखविण्याचा होता. सबब राव पन्नाशी उलटली असता चालत्या गाडीत दांडा धरून उभे राहिले आणि जुना शेवट साभिनय करू लागले. खुनी म्हणजे म्हातारा कंपाउंडर; लेकीस उपाशी ठेवणाऱ्या तिच्या सासऱ्यास त्याने औषधातून विष दिले होते. कंडक्टर देवीलाल तिकिटे विसरले आणि मागील मंडळी पुढे सरकली. बेड्या पडल्यावर कंपाउंडर लेकीजवळ जातो, ते दाखविण्यास रावांनी भर गाडीत बाईसाहेबांच्या डोईवर हात ठेविला आणि विचारिले की, "जेवली का माय?"

बाईसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला. अशा मानसाले कायले धरलं म्हणोन त्या कंडक्टरासही जाब पुसू लागल्या. दिग्रस येईतो रडणे थांबले नाही. राव शेजारी ताठ बसून होते.

मोहीम फत्ते जाहली, ऐसे नोंदिले असे.